मदत हवी आहे: कासवासाठी ३ फुटी टँक घ्यावा की ४ फुटी? (रेड इअर्ड स्लायडर, फ्लॅट, तिसरा मजला)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट उत्तर देता येणार नाही म्हणून.

आमच्याकडे दोन वर्षांपासून रेड इअर्ड स्लायडर आहे, डोळ्यामागे लाल पट्टा असतो ना तेच. (आधीच सांगते, हे आपलं तारा कासव किंवा विहिरीतलं देशी कासव नाहीये, ती घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे हे माहितीये.) लेकीच्या वाढदिवसाला माझ्या भावाने आणून दिलं तेव्हा मारी बिस्किटाएवढं होतं. सोबत प्लास्टिकचा बाऊल, त्यात मधोमध खोटं नारळाचं झाड, आणि सुक्या कोळंबीची एक बाटली. दुकानदार म्हणाला एवढंच राहतं, मोठं होत नाही. आम्हीही विश्वास ठेवला. काल पट्टी लावून पाठ मोजली, १२ सेंमी भरली.

या जानेवारीत ते मरता मरता वाचलं. डोळे सुजून बंद झाले, आठवडाभर काही खाल्लं नाही, आणि पाठीची कड बोटाने जरा दाबली तरी ओल्या पुठ्ठ्यासारखी वाकायची. पुण्यात तेव्हा रात्री चांगलीच थंडी होती आणि आमच्याकडे हीटर नव्हता, कोणी सांगितलंच नव्हतं. कासवं बघणारे डॉक्टर शोधण्यात चार दिवस गेले. त्यांनी सांगितलं की नुसत्या सुक्या कोळंबीवर अ जीवनसत्त्व मिळत नाही म्हणून डोळे सुजले, आणि यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) नाही म्हणून खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, त्यामुळे कवच मऊ पडलं. मी म्हटलं अहो पण टँक खिडकीतच असतो, ऊन येतं. तर म्हणाले काचेतून ऊब येते, यूव्हीबी येत नाही. हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं, दोन वर्षं आम्ही त्याला उन्हात ठेवतोय असंच समजत होतो.

इंजेक्शनं झाली, खाणं बदललं. आता पेलेट, गाजराचा कीस, कधी शेवग्याचा पाला, आणि पाण्यात समुद्रफेसचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा कॅल्शियमसाठी टाकून ठेवते, तो ते कुरतडतं. तीन आठवड्यांनी एक डोळा उघडला त्या दिवशी लेक शाळेत जायला तयार होईना.

तर आता घराचं बघायचंय. सध्या २ फुटी टँक आहे, त्यात जेमतेम ४० लिटर पाणी, आत एक छोटा फिल्टर आणि चढायला वीट. पाणी दोन दिवसांत वास मारतं. पहाटे साडेपाचपासून काचेला नखं घासत कोपऱ्यात वर चढायचा प्रयत्न करत राहतं, खर्र खर्र असा आवाज, आणि ते बघवत नाही. डॉक्टर म्हणाले मादी दिसतेय, म्हणजे पाठ २५ सेंमीपर्यंत जाईल, आणि नीट सांभाळली तर २५-३० वर्षं जगेल. वाचनात आलेला हिशोब असा की पाठीच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी. म्हणजे आत्ताच १८०-१९० लिटर लागतं आणि पूर्ण वाढ झाल्यावर ४०० च्या आसपास.

दुकानात विचारलं तर ३ फुटी पुरेल म्हणतात. मला दर दोन वर्षांनी नवा टँक घ्यायचा नाहीये, परवडतही नाही. एकदाच ४ बाय २ बाय २ करून घेतला तर काच १० मिमी लागेल का? आणि मुख्य भीती वजनाची, आमची बिल्डिंग १९८९ ची आहे. बाल्कनीत ठेवायचा विचार होता कारण खरं ऊन मिळेल, पण घारी आणि मांजरं दोन्ही येतात.

एक विनंती, 'तळ्यात सोडून द्या' असं कृपया सुचवू नका. घरात आणि सोसायटीत मिळून पाच जणांनी सांगून झालंय. ही जात अमेरिकेतली आहे, आपल्या तळ्यात सोडली की तिथल्या देशी कासवांचं खाणं आणि उन्हात बसायच्या जागा बळकावते. आम्ही आणलीये, आम्हीच सांभाळणार.

प्रतिसाद

ताई, मी सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये आहे म्हणून वजनाचं सांगतो. ४ बाय २ मध्ये दीड फूट पाणी भरलं तर ३४० लिटर, म्हणजे ३४० किलो, काच आणि स्टँड धरून साडेचारशेच्या आसपास जाईल. घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात आणि तुमचा टँक पाऊण चौरस मीटरवर बसणार. लगेच पडेल असं नाही, पण खोलीच्या मधोमध अजिबात नको, बीम जिथे असेल त्या भिंतीला लांबीने चिकटवून ठेवा. पुढे काढलेल्या बाल्कनीत तर नकोच. बिल्डिंग जुनी आहे, एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच.

प्रतिसाद

माझ्याकडे अशीच मादी ११ वर्षांची आहे. काचेचा हट्ट सोडलात तर प्लास्टिकचा मोठा टब घ्या, ३०० लिटरचा. काचेपेक्षा खूप स्वस्त पडतो आणि हलका, फुटायची भीती नाही. बाजूने दिसत नाही एवढंच. काचच हवी असेल तर ४ फुटीच घ्या, ३ फुटी दोन वर्षांत लहान पडतो.

फिल्टर बाहेरचा कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा डब्यासारखा) घ्या आणि खोक्यावर लिहिलेली क्षमता तुमच्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट असू द्या, ते आकडे माशांसाठी असतात, कासव त्याहून कितीतरी जास्त घाण करतं. पाणी एकदम सगळं बदलू नका, आठवड्याला पाव ते एक तृतीयांश. तळाला बारीक खडी नको, गिळतात.

बसायची जागा पूर्ण कोरडी हवी, पोट सुद्धा सुकलं पाहिजे. मी पीव्हीसी पाइपची चौकट करून वर जाळी बांधलीये, पाण्यातून चढायला उतार ठेवलाय. त्यावर साधा बल्ब लावून ३२-३५ अंश, पाणी २५ च्या आसपास, आणि बाजूला यूव्हीबी ५.० ची ट्यूब फूटभर उंचीवर. मधे काच किंवा प्लास्टिकचं झाकण येऊ देऊ नका. ट्यूब वर्षाने बदला, उजेड देत राहते पण यूव्हीबी संपलेलं असतं. आणि लेकीला हात लावल्यावर साबणाने हात धुवायची सवय लावा, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जिवाणू) असू शकतो.

(धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. रात्री नवऱ्यासोबत बसून हिशोब केला, टबच घेतोय. हॉलमध्ये बीमखालची भिंत आहे तिथे सध्या शोकेस आहे, तो हलवायला सासूबाई तयार झाल्यात. इंजिनिअर शनिवारी येतायत.

अजून एकच विचारायचंय, टबाची कड गुळगुळीत असते आणि आमची बया चढण्यात पटाईत आहे, तर पाण्याच्या वर कड किती इंच मोकळी सोडायची? आणि लाइट गेले, समजा चार-पाच तास, तर फिल्टर बंद राहिल्याने काही बिघडतं का? आमच्याकडे गुरुवारी जातातच.