नानांच्या ठोक्यांच्या गोळ्यांचं बिल कमी कसं करायचं?

कराडची_सून
नमस्कार. माझे सासरे, नाना, ७४ वर्षांचे. एट्रियल फिब्रिलेशन निघालंय, ठोके वेडेवाकडे पडतात. ठोक्यांसाठी ॲमिओडॅरोन २००, रक्त पातळ ठेवायला अपिक्साबॅन ५ सकाळ-संध्याकाळ आणि बीपीची एक गोळी चालू आहे. महिन्याचं बिल अडीच हजारांच्या पुढे जातं, पेन्शन नाही. आता नाना म्हणतात, "दिवसाआड घेतो, काय बिघडतंय?" मेडिकलवाल्याला दुसऱ्या स्वस्त कंपनीचं द्या म्हटलं, तर म्हणतो चिठ्ठीत ब्रँड लिहिलाय, बदलता येत नाही. खरंच नियम आहे की मार्जिनचा खेळ?

मिरजेचा_फार्मसिस्ट
ताई, मार्जिन असतं, नाही कशाला म्हणू! पण नियमही खरा आहे. शेड्यूल एचमधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या, औषधाऐवजी दुसऱ्या कंपनीचं, घटक तोच असला तरी, आम्हाला परस्पर देता येत नाही. त्यामुळे डॉक्टरांनाच सांगा, ब्रँडऐवजी घटकाचं नाव लिहून द्या म्हणून. बहुतेक जण देतात, फक्त मागावं लागतं.

त्याआधी बिलात कुठल्या गोळीचे किती जातात ते बघा. ॲमिओडॅरोन आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, म्हणजे त्याची कमाल किंमत सरकारने बांधलेली. तिथे फार वाचणार नाही. माझा अंदाज, पैसे रक्त पातळ करणाऱ्या अपिक्साबॅनमध्ये जात असणार. २०२२ मध्ये त्याचं भारतातलं पेटंट संपलं आणि भरपूर कंपन्या उतरल्या. तोच घटक, तेवढीच ताकद, पण पाकिटापाकिटात भाव फार वेगळे. सरकारच्या 'फार्मा सही दाम' ॲपवर नाव टाकून भाव बघा, आणि 'जनऔषधी सुगम' ॲपवर जवळचं जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकानही सापडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तेव्हा बिलावर किती लावलाय तेही बघत चला.

दिवसाआडचं मात्र नानांच्या डोक्यातून काढा. अपिक्साबॅनचा असर लवकर ओसरतो, म्हणून तर दोनदा. चुकवली की गुठळी होऊन लकव्याचा धोका. ॲमिओडॅरोनचं उलटं आहे, ती अंगात आठवडेच्या आठवडे मुरून राहते. दोन-चार चुकवल्या तरी लगेच काही जाणवत नाही, आणि माणसाला वाटतं गोळीची गरजच नव्हती.

पेन्शनर_सांगली
मीही ॲमिओडॅरोनवर आहे. सूनबाई, गोळी परवडते हो, तिच्या मागची शेपटी महाग! तिच्यात आयोडीन भरपूर असतं, म्हणून थायरॉईड आणि लिव्हर सहा-सहा महिन्यांनी तपासायचं, शिवाय छातीचा एक्स-रे आणि डोळे डॉक्टर सांगतील तेव्हा. खोकला किंवा धाप वाढली तर वाट बघायची नाही. मी रक्त सरकारी रुग्णालयात देतो. रांग असते, पण रिटायर्ड माणसाला वेळेचं काय?

कंपनी बदलाल तर डॉक्टरांना सांगून बदला आणि मग तीच ठेवा. ॲमिओडॅरोन प्रत्येकाच्या अंगात सारखी भिनत नाही. मी दर महिन्याला स्वस्त बघून पाकीट बदलायचो, तर डॉक्टर चांगलेच तापले.

आणखी एक. नानांचा आरोग्य विमा नसेल आणि तुमचे यजमान जुन्या करप्रणालीत असतील, तर प्राप्तिकराच्या वजावटीत (८०डी म्हणतात ती) आई-वडिलांच्या औषधपाण्याचा खर्च ५०,००० रुपयांपर्यंत दाखवता येतो. रोख दिलेलं धरत नाहीत.

कराडची_सून
विमा नाहीच, वयामुळे हप्ता ऐकून गप्प बसलो होतो. यूपीआयने दिलं तर चालेल ना? आणि आत्ताची ब्रँडवाली चिठ्ठी जनऔषधीत चालेल का?

मिरजेचा_फार्मसिस्ट
यूपीआय चालतं, बिल नानांच्या नावाने घ्या. चिठ्ठी नवीनच करून घ्या, आणि पहिल्यांदा एकाच महिन्याच्या गोळ्या उचला. अपिक्साबॅनऐवजी डॉक्टरांनी डॅबिगॅट्रान सुचवलं तर तेही आवश्यक यादीत आहे. फक्त ती कॅप्सूल अख्खी गिळायची, फोडून पाण्यात घालायची नाही. आमच्याकडचे दोन आजोबा हमखास तेच करतात.