पुण्यातल्या जंगली महाराज रोडसारखे रुंद फुटपाथ बाकीच्या रस्त्यांवर करावेत का? माझं मत, हो

शिवाजीनगरची_लेक

बाबांना ७८ पूर्ण झाली. मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रोज अर्धा तास वॉकर घेऊन चालायला सांगितलंय. आमच्या गल्लीत फुटपाथ नावाला आहे, मधेच विजेचा डीपी, मधेच वर आलेला चेंबर, त्याच्या पुढे कुणाची तरी बुलेट, की उतरा खाली रस्त्यावर. वॉकरच्या पुढच्या पायाचं रबर ब्लॉकच्या फटीत अडकलं की बाबा जागच्या जागी थांबतात आणि माझ्याकडे बघतात, ते बघणं मला सहन होत नाही. म्हणून मी त्यांना रिक्षाने जंगली महाराज रोडला नेते. बालगंधर्व रंगमंदिरापासून संभाजी बागेपर्यंत जायचं, बाकावर बसायचं, परत यायचं. तिथे मी बाबांच्या शेजारून चालते, मागून नाही, आणि आम्ही बोलत बोलत जातो. हे दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर जमत नाही हो.

महापालिकेने २०१६ ला रस्त्यांच्या डिझाइनची नियमावली केली आणि त्या सुमारास या रस्त्याचं काम सुरू झालं. आता आमच्या भागातल्या मोठ्या रस्त्याचं पण असंच करायचं घाटतंय तर सोसायटीच्या ग्रुपवर एकच ओरड, रस्ता अरुंद करणार, ट्रॅफिक तुंबणार. माझं म्हणणं एवढंच आहे की रस्ता म्हणजे फक्त मधलं डांबर नाही, भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळा रस्ताच, आणि त्यातला चालणाऱ्याचा वाटा आपण गेली तीस-चाळीस वर्षं खात आलोय. तुम्हाला काय वाटतं? विरोध असेल तर तोही मोकळेपणाने लिहा.

धायरीकर

ताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं आणि तुमचं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण माझी बाजू पण ऐका. मी रोज धायरीहून शिवाजीनगरला बाइकवर येतो, हौस म्हणून नाही, कारण बसने यायचं तर एक बदलावी लागते आणि स्टॉपवर अर्धा अर्धा तास उभं राहूनही ती येईल की नाही सांगता येत नाही आणि आली तर दाराला लोंबकळायचं. संध्याकाळी परत जाताना मॉडर्नच्या चौकापासून डेक्कनपर्यंत पोचायला जो वेळ लागतो तो मी मुलीचा अभ्यास घ्यायच्या वेळातून देतो. फुटपाथ रुंद झाला, छान झाला, फोटो छान येतात, पण माझी लेन गेली त्याचं काय? आधी बस सुधारा, मेट्रो धायरीला आणा, मग रस्ता अरुंद करा. आमच्याकडून आधी काढून घ्यायचं आणि पर्याय नंतर कधीतरी, हे पटत नाही.

निवृत्त_सिव्हिल

धायरीकर, तुमची तक्रार रास्त आहे पण लेन गेली हे मला मान्य नाही. मी नोकरीतली बरीच वर्षं रस्त्याच्या कामातच घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जी कडेची लेन गेली म्हणताय त्या लेनमधून आधी गाड्या जात होत्या का आठवून बघा. एक रांग पार्किंगची, तिच्या बाहेर डबल पार्किंग, त्याच्या बाहेर रिक्षा थांबलेली. ती लेन कागदावर होती.

दुसरं म्हणजे रस्ता किती गाड्या घेतो हे मधल्या रुंदीवर ठरत नाही, सिग्नलवर ठरतं. सिग्नल पूर्ण तासभर हिरवा ठेवला तर एका लेनमधून साधारण १८०० गाड्या निघतात. पण तासातला निम्मा वेळच हिरवा मिळणार असेल तर ९०० च. मधे तुम्ही चार लेन करा नाहीतर पाच करा, चौकातून तेवढ्याच निघणार, बाकीच्या फक्त रुंदीत उभ्या राहणार. म्हणून मधे जागा कमी करून चौकात नीट रांगा लावल्या तर फारसा फरक पडत नाही. जिथे पडतो तिथे चौकाची आखणी चुकलेली असते, आणि अशी चूक आपल्याकडे होते हेही मी कबूल करतो.

जाता जाता एक. जंगली महाराज रोड १९७६ ला झाला, रिकोंडो कंपनीने दहा वर्षं खड्डा पडणार नाही अशी हमी लिहून दिली होती आणि रस्ता त्याच्या कितीतरी पुढे टिकला. आम्ही तरुण इंजिनिअर तो बघायला जायचो. त्या वेळी सगळं लक्ष डांबराकडे होतं, फुटपाथचा विचार त्या मानाने कुणीच केला नाही, आम्हीसुद्धा नाही.

दुकान_तिसऱ्या_पिढीचं

माझं दुकान जंगली महाराज रोडवर नाही, दुसऱ्या गर्दीच्या रस्त्यावर आहे, पण तिथेही हे येणार हे दिसतंय म्हणून लिहितो. साहेब, लेन कागदावर होती म्हणता, पण त्या कागदावरच्या लेनमध्येच माझं गिऱ्हाईक गाडी लावत होतं. साडी घ्यायला येणारं कुटुंब पाच जणांचं असतं, त्यात एक आजी असते, ते मेट्रोने येत नाहीत. आणि माल? सकाळी टेम्पो येतो, गठ्ठे उतरवायला वीस मिनिटं लागतात, तो कुठे उभा करायचा? नकाशात झाडं काढतात, बाकं काढतात, टेम्पो कुणीच काढत नाही. हमाल पाठीवर चाळीस किलो घेऊन पन्नास पावलं जास्त चालतो तेव्हा तोही पादचारीच असतो ना. मला फुटपाथ नको असं नाही, पण काम चालू असताना सहा सहा महिने दुकानासमोर खड्डा आणि वर पत्रा, आमच्या शेजारच्याचा एक दिवाळीचा सीझन असाच गेला. त्याचं कोण देणार?

सायकल_रोज

मी रोज सायकलने कामाला जाते त्यामुळे सगळ्यांना वाटतं मी या डिझाइनच्या बाजूने असणार. निम्मी आहे. फुटपाथ हवा, पण फुटपाथवरच रंग मारून काढलेला सायकल ट्रॅक नको. एक तर तो दर इमारतीच्या गेटपाशी खाली उतरतो, परत चढतो, पाठीचे मणके ढिले होतात. दुसरं, त्यावर लोक चालतात आणि त्यांची काही चूक नाही, फुटपाथ दिसला की माणूस चालणारच. मागच्या पावसाळ्यात एक छोटा मुलगा फुग्यामागे धावत माझ्या चाकासमोर आला, मी ब्रेक दाबला आणि ओल्या फरशीवर आडवी झाले. त्याला लागलं नाही हे नशीब. तेव्हापासून मी खालून, गाड्यांच्या बाजूने जाते आणि मागून हॉर्न खाते.

२००६ ला बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेन, आली तेव्हा कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्याला पण ट्रॅक केले होते, त्यांच्यावर पुढे पार्किंग आणि टपऱ्या आल्या. २०१७ ला सायकलचा मोठा आराखडा मंजूर झाला. सायकलींचं शहर म्हणून आपण मिरवायचो त्या शहरात आज एका शाळकरी पोराला सायकलवर एकटं सोडायची आईची हिंमत होत नाही. ट्रॅक द्यायचा तर डांबराच्या पातळीला, मधे कठडा घालून, सलग द्या. तुटक तुकडे देणार असाल तर ती जागा काकांच्या वॉकरला द्या, मी खुशीने सोडते.

रिक्षा_बॅजवाला

आमचं पण लिहा कुणीतरी. फुटपाथ रुंद करून कडेला खांब लावले, चांगलं झालं, दुचाक्या चढायच्या बंद झाल्या. पण पेशंट उतरवायचा तर कुठे थांबू, मागचा हॉर्न मारतो आणि पुढे पोलीस फोटो काढतो. दर दोनशे पावलांवर दोन रिक्षांची खोबण द्या, बाकी काही मागणं नाही.

शिवाजीनगरची_लेक

दादा, आम्हीच तो पेशंट. तुमच्या खोबणीला माझा पूर्ण पाठिंबा.

दुकानवाल्या काकांचा टेम्पोचा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता, खरंच. सकाळी दहाच्या आत माल उतरवायला राखीव जागा आणि नंतर तीच गिऱ्हाइकांना तासाच्या दराने, असं करता येईल ना? पण मग पे अँड पार्कला व्यापाऱ्यांनी विरोध करायचा नाही. २०१८ ला पार्किंगचं धोरण मंजूर झालं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. दिवसभर फुकट उभी राहणारी गाडी बहुतेक वेळा गिऱ्हाइकाची नसते काका, दुकानातल्या माणसाची किंवा वरच्या ऑफिसची असते. तुमच्या दारात एकदा मोजून बघा.

दुकान_तिसऱ्या_पिढीचं

मोजायची गरज नाही, त्यातली एक माझीच असते. तासाच्या दराला माझी हरकत नाही, पण पावती देणारा माणूस नीट हवा. आणि काम टप्प्याटप्प्याने, शंभर शंभर मीटर पुरं करत करा, दसरा-दिवाळी सोडून. एवढं लिहून दिलं तर मी शेजारच्या चार दुकानांशी बोलतो.

धायरीकर

सगळ्यांचं जमत आलं असं दिसतंय पण माझ्या बसचं राहिलं. सिव्हिल काका, तुमचा हिशोब पटला, चौकाचं खरं आहे. पण मग त्याच हिशोबाने विचारतो, एका बसमध्ये साठ माणसं बसतात-उभी राहतात, ती बस माझ्या बाइकच्या मागे त्याच सिग्नलला तीन वेळा अडकते. फुटपाथसाठी जागा निघते तर बससाठी का नाही निघत? बीआरटी मोडली तेव्हा आम्हा बाइकवाल्यांना बरं वाटलं होतं, मलाही वाटलं होतं, आणि आज मी त्याच गर्दीत उभा आहे. बस वेळेवर आली तर मी उद्या बाइक घरी ठेवतो. पण ती येत नाही तोवर ज्याला बारा किलोमीटर जायचंय त्याला फुटपाथचा उपयोग नाही, या मतावर मी ठाम आहे.

निवृत्त_सिव्हिल

यात तुमचं बरोबर आहे. पण एक सांगतो, बसचा प्रत्येक प्रवासी दोन्ही टोकांना पायीच चालतो. मेट्रोचं तेच. संभाजी उद्यान स्टेशनला उतरलेला माणूस पुढे चालतच जाणार ना. बस आणि फुटपाथ एकाच कामाचे दोन भाग आहेत, आपल्याकडे ते वेगवेगळ्या टेबलांवर होतात, हे दुखणं आहे. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नीट फुटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं, त्यामुळे "आधी बस, मग फुटपाथ" असा क्रम आता लावता येणार नाही. दोन्ही मागायला लागेल, एकाच अर्जात.

शिवाजीनगरची_लेक

तुमच्या सिग्नलच्या हिशोबावरून काल आमच्या घराजवळच्या चौकात मोबाइलचं घड्याळ लावून बघितलं. चालणाऱ्यांचा हिरवा १६ सेकंद. मी एकटी सहज पार झाले. बाबांना ३४ सेकंद लागले, अर्ध्यात पोचलो तर गाड्या सुटल्या. एका बाइकवाल्या मुलाने स्वतःची गाडी आडवी लावून मागच्यांना हात केला आणि आम्ही पलीकडे गेलो. त्याला नीट थँक्यू म्हणायचं पण राहिलं.

अर्जात बस, रिक्षाची खोबण, मालाचा टेम्पो, सायकलचा सलग ट्रॅक आणि हे सेकंद, सगळं घालते. मसुदा रविवारी इथेच टाकते, धायरीकर, बसचा परिच्छेद तुम्ही लिहा.

धायरीकर

लिहितो. पण लेनबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, तेही खाली घालणार.