पैसा हवाच, पण तेवढ्यावर भागत नाही
फॉर्म्युला वन मोटारशर्यतींत ज्याच्याकडे पैसा त्याचंच जेतेपद, असं म्हटलं जातं; मला ते अर्धंच पटतं. टोयोटाने २००२ ते २००९ अशी आठ वर्षं फॉर्म्युला वनमध्ये पाण्यासारखा पैसा ओतला, पण एकही शर्यत जिंकली नाही. उलट २००८च्या अखेरीस होंडाने अंग काढून घेतलं, संघप्रमुख रॉस ब्रॉनने तो संघ नाममात्र एका पौंडात घेतला आणि २००९मध्ये त्याच संघाचा चालक जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती खिशात घातल्या! चालकांचं आणि संघांचं, दोन्ही जगज्जेतेपदं या संघाकडेच. अर्थात ती गाडी आधीचं वर्षभर होंडाच्याच पैशावर घडत होती, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच २०२१पासून संघांच्या वर्षाच्या खर्चावर घातलेली मर्यादा मला मनापासून आवडते. मात्र चालकांचे पगार तिच्याबाहेर ठेवलेत, ते काही पटत नाही.