मदत हवी आहे: जुन्या गाडीची रिमोट चाबी बंद, सेल बदलूनही

रामबाग_इंदूर
नमस्कार मंडळी. गाडीची रिमोट चाबी चालत नाही. सेल नवे टाकले, तरी तेच. मिस्त्री म्हणतो सगळं सेंट्रल लॉक काढून फेका, नवं बसवून देतो. गाडी बाबांची आहे, दारांची पॅनल उचकटू द्यायची नाहीत. रविवारी सकाळी देवासला लग्नाला न्यायची आहे. कुणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा.

सुताची_गाठ
कोणती गाडी? कोणतं साल? आणि ‘चालत नाही’ म्हणजे नक्की काय? बटण दाबल्यावर काहीच आवाज येत नाही, की आवाज येतो पण दारं लागत नाहीत?

रामबाग_इंदूर
१९९६ ची जर्मन सेदान. चाबीच्या टोकाला काळी काच आहे. फोटो चढत नाहीये. कधीकधी चालते.

पलासिया_६४
दादा, सरळ ४३३ मेगाहर्ट्झवाला रेडिओ रिमोटचा किट बसवून घ्या. छोटी ग्वालटोलीत मिळेल. ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींचा मास्टर ॲक्चुएटर (कुलूप सरकवणारी छोटी मोटर), बाकी तीन दारांत दोन-दोन वायरींचे. वायरींची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटली की लॉक, परत उलटली की अनलॉक. मी माझ्या गाडीत बसवलंय, खिशातूनच दार उघडतं. नेम धरत बसावं लागत नाही.

गॅरेजकाका
पलासिया, ते पॅनल उघडू नका म्हणताहेत आणि तुम्ही चार दारं उघडायला सांगताय! काळी काच म्हणजे इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारी चाबी. टीव्हीच्या रिमोटसारखी, समोर नेम धरून दाबावी लागते. तो प्रकाश टिपणारा रिसीव्हर बहुतेक ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर असेल, बारीक काळी खिडकी शोधा. रामबाग, तीन गोष्टी सांगा. चाबी दारात घालून हाताने फिरवली तर चारही दारं लागतात का? दुसरी चाबी आहे का? आणि ‘कधीकधी’ म्हणजे कधी?

रामबाग_इंदूर
काका, चाबी फिरवली की मागचं डावं सोडून सगळी लागतात. मागे कुठेतरी बराच वेळ घूंऽऽ आवाज येतो, मग आपोआप थांबतो. दुसरी चाबी आईच्या कपाटात आहे, कधी वापरली नाही. रात्री पोर्चमध्ये चालते, दुपारी ऑफिसबाहेर अजिबात नाही. याचा काय संबंध?

गॅरेजकाका
सगळा संबंध तिथेच आहे. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं. म्हणून रिमोट ठरावीक वेगाने लुकलुकतो (टीव्हीचे बहुतेक ३६ ते ४० किलोहर्ट्झवर) आणि रिसीव्हर तेवढंच लुकलुकणं वेगळं काढतो. पण दुपारचं ऊन थेट त्या खिडकीवर पडलं की आतला डायोड उन्हानेच दिपतो आणि कमजोर चाबी त्याला दिसत नाही. सेल नवे असूनही चाबी कमजोर असू शकते. आतली पत्ती गंजली असेल किंवा सोल्डर सुटलं असेल.

तपासणी फुकटात होते. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर चाबी धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका दिसायला हवा. मागच्या कॅमेऱ्यात बहुतेक दिसत नाही, तिथे फिल्टर असतो. मग दुसरी चाबी तशीच पाहा आणि दोन्ही ठिपके ताडून बघा.

विजयनगर_भिया
गाडीच्या काचांना काळी फिल्म आहे का? काढून टाका. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली आहे, देवास नाक्यावर चालान होईल.

सुताची_गाठ
भिया, फिल्मचा विषय कुठून आला? रिसीव्हर हँडलवर, म्हणजे बाहेर आहे. आत आरशाजवळ असता तर धातूचा थर असलेल्या फिल्मने फरक पडला असता, ते मान्य.

विजयनगर_भिया
तरी नियम तो नियम. लग्नाला जाताहेत म्हणून सांगितलं.

जुनंते_सोनं
इन्फ्रारेडला कमी लेखू नका. १९८२ च्या रेनॉ फुएगोमध्ये पॉल लिपशुट्झ यांचा रिमोट आला, तेव्हा लांबून कुलूप उघडणं हीच मोठी गोष्ट होती. मूळ सिस्टीम काढून टाकणं म्हणजे गाडीचं नुकसान करणं. मला हे फार लागतं.

पलासिया_६४
नुकसान कसलं? त्यांना रविवारी जायचंय. जुने पार्ट मिळत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

गॅरेजकाका
पार्ट नंतर बघू. मागच्या डाव्या दाराचं दुखणं वेगळं आहे, चाबीशी त्याचा संबंध नाही. तो घूंऽऽ आवाज हवेच्या पंपाचा. त्या काळच्या मर्सिडीजमध्येही हीच रचना होती. पंप नळीतली हवा ओढून घेतो तेव्हा दारं लागतात, हवा भरतो तेव्हा उघडतात. एका दाराचा रबरी डायाफ्राम (हवेने हलणारा पडदा) फाटला की तिथून हवा गळते. पंपाला दाब साधत नाही, तो चालत राहतो आणि शेवटी स्वतःच्या टायमरने थांबतो. असं रोज झालं तर पंप जळेल, आणि खरा खर्च तिथे आहे.

रामबाग_इंदूर
काका, पाहिलं. माझ्या चाबीचा ठिपका अगदी मंद, कपाटातल्या चाबीचा लख्ख! पण त्या चाबीने दार उघडतच नाही. आता काय?

सुताची_गाठ
चाबी गाडीला पाठवते तो कोड दर वेळी बदलत असेल आणि चाबी वर्षानुवर्षे पडून असेल, तर गाडीशी तिची संगत सुटते. अशा बऱ्याच चाब्यांना हे लागू पडतं: रिसीव्हरकडे धरून बटण दोनदा दाबा, ३० सेकंदांच्या आत चाबी इग्निशनमध्ये घालून दुसऱ्या टप्प्यापर्यंत फिरवा. इंजिन सुरू करू नका. त्याआधी हँडलची काळी खिडकी ओल्या मऊ कापडाने पुसा.

रामबाग_इंदूर
झालं!! खिडकीवर धुळीचा जाड थर होता. आत्ता भर दुपारी उन्हात उघडली, फक्त दोन हातांवरून दाबावं लागतं. आई-बाबा दोघं खाली येऊन बघताहेत. मनापासून आभार. मागच्या दाराचं रविवारपर्यंत काय करू?

गॅरेजकाका
छान! पंपाजवळ नळ्यांचा जोड शोधा, बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली किंवा डिकीत असतो. एकेक नळी चिमटीत धरा. जी धरल्यावर पंप लगेच थांबेल ती डाव्या दाराची. तिला घट्ट बूच लावा आणि ते दार आतून हाताने लॉक करा. बाकी दारं नीट चालतील. लग्न झाल्यावर डायाफ्राम शोधू. त्यासाठी एकच पॅनल उघडेल, तेही मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून उघडून घ्या.