उबुंटू २२.०४ वर फायरफॉक्स स्नॅप ठेवावा की मोझिलाचा डेब? मदत हवी आहे

राम राम मंडळी. नागपुरात नंदनवनला आमची अभ्यासिका आहे. १२ जुने संगणक, सगळे हार्ड डिस्कवाले, उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीवर. मुलं इथंच परीक्षांचे फॉर्म भरतात, त्यामुळे ब्राउझर ताजा पाहिजेच. सिस्टमला अपडेट २०२७ पर्यंत आहेत, तो प्रश्न नाही.

त्रास स्नॅपचा आहे, म्हणजे उबुंटू फायरफॉक्स ज्या बंदिस्त पॅकेजात देतं त्याचा. सकाळी पहिल्यांदा फायरफॉक्स उघडायला इतका वेळ लागतो की पोरं दोनदा-तीनदा क्लिक करतात आणि मग चार खिडक्या उघडतात! म्हणून एका संगणकावर मोझिलाच्या (फायरफॉक्स बनवणाऱ्यांच्या) स्वतःच्या ॲप्ट रेपॉझिटरीतून, म्हणजे पॅकेजच्या ऑनलाइन साठ्यातून, डेब (नेहमीच्या पद्धतीचं पॅकेज) टाकून पाहिला. उबुंटूचं नावापुरतं डेब पॅकेज (जे फक्त स्नॅपच बसवतं) आवृत्तीच्या क्रमात वरचढ ठरतं, म्हणून मोझिलाला प्राधान्य १००० द्यावं लागलं. आता मस्त चालतो.

पण दोन गोष्टी अडल्या. अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट बसवणारा प्रोग्राम) उबुंटूचीच सुरक्षा अपडेट घेतं, मोझिलाची नाही. त्याच्या सेटिंगमध्ये मोझिलाची साइट जोडून कोणी चालवलंय का? आणि डेब चालू असताना मागून बदलला की फायरफॉक्स नवीन टॅबमध्ये रीस्टार्ट मागतो. अर्धा फॉर्म भरलेल्या पोराला काय सांगू भाऊ? रात्री संगणक बंद असतात, त्यामुळे सकाळचं अपडेट चुकलं की संगणक सुरू केल्यावर ते लगेच धावतं, नेमकं गर्दीच्या वेळी.

ईएसआर (फायरफॉक्सची संस्थांसाठीची, जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती) घेतला तर मोठे बदल वर्षातून एकदाच येतील, पण सुरक्षेचे दर महिन्याला येतातच ना? शाळा-वाचनालयात हे सांभाळणाऱ्यांनी अपडेटची वेळ कशी बसवली, तेवढं सांगा.