श्वासनलिकेला जनावराच्या ऊतीचं ठिगळ: कुणाला माहिती आहे का?

लष्करची सून: नमस्कार. आमच्या भाऊजींचा झाशी रोडवर अपघात झाला, बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होते. जीव वाचला, पण आता जिना चढले की गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येतो, वाक्य पुरं होत नाही. दुर्बिणीनं पाहिलं तर श्वासनलिका अरुंद झालीय. दिल्लीचे डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, 'गाईच्या हृदयावरच्या आवरणाचं ठिगळ लावता येईल.' ग्वाल्हेरला परतलो तेव्हापासून सासूबाई नीट जेवलेल्या नाहीत. भाऊजी म्हणतात, मला श्वास हवाय, कशाचा का असेना. हे टिकतं का? दुसरा काही मार्ग?

निवृत्त सिस्टर: वहिनी, आधी विचारा, अरुंद भाग किती लांब आणि स्वरयंत्राच्या किती जवळ आहे? सगळं त्यावर अडलंय. व्हेंटिलेटरच्या नळीभोवती छोटा फुगा असतो. त्याचा दाब 30 सेंटीमीटर उंच पाण्याच्या दाबाहून जास्त राहिला की अस्तराचं रक्त अडतं, जखम होते आणि भरताना व्रण आवळत जातो. आम्ही दर पाळीला तो दाब मोजायचो, 20 ते 30 मध्ये ठेवायचो.

अशा व्रणाला पहिली पसंती कापून जोडण्याची. मोठ्या माणसाची श्वासनलिका 10-12 सेंटीमीटर; तिचा निम्म्यापर्यंतचा तुकडा काढूनही टोकं जुळवता येतात. नंतर टाक्यांवर ताण नको म्हणून हनुवटी छातीशी जाड टाक्यानं बांधून काही दिवस मान वाकलेली ठेवतात. ते बघून घरचे घाबरतात, आधीच सांगून ठेवा.

ठिगळाचं म्हणाल तर, जनावराच्या ऊतीवर प्रक्रिया करतात. काही प्रकारांत पेशी धुऊन नुसती कोलॅजन या प्रथिनाची जाळी ठेवतात. हृदयात तसलं आवरण वर्षानुवर्षं वापरात आहे. श्वासनलिकेत मात्र दर श्वासाबरोबर जंतू येतात, ठिगळाला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, आणि कूर्चेची कडी नसल्यानं श्वास ओढला की ते आत खेचलं जातं. मग वाट उघडी ठेवायला आतून टी-नळी किंवा स्टेंट अशा आधारनळीची गरज. फट बुजवायला ठीक, अख्खी नळी त्याची होत नाही. कुणी तसं वचन दिलं तर उठून या. 2008 मध्ये बार्सिलोनाला पेशी धुतलेली मानवी श्वासनलिका बसवली, केवढा गाजावाजा झाला! त्यावरचा शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं 2023 मध्ये मागे घेतला. त्यातले शल्यविशारद मॅकियारिनी यांना नंतर रुग्णांना बसवलेल्या प्लास्टिकच्या श्वासनलिकांपायी स्वीडनच्या अपील न्यायालयानं त्याच वर्षी तुरुंगवास सुनावला. रुग्ण गेले हो त्यात.

बडोदेकर: सासूबाईंसाठी: संमतीपत्रावर सही करण्याआधी ऊती कोणत्या जनावराची ते विचारा, डुकराच्या आतड्याच्या अस्तराचीही असते. आणि श्वासनलिकेच्या वरच्या भागात रुग्णाच्याच बरगडीची कूर्चा वापरतात, तेही विचारून ठेवा.

लष्करची सून: सिस्टर, सीटी स्कॅनमध्ये अरुंद भाग अडीच सेंटीमीटर लिहिलाय, स्वरयंत्राच्या बऱ्याच खाली. म्हणजे कापून जोडण्याचा विचार व्हायला हवा ना? उद्या डॉक्टरांना फोन करून तेच विचारते, आणि जमणार नसेल तर का नाही, हेही. भाऊजी विचारतायत, हनुवटी बांधलेली असताना गिळता येतं का?

निवृत्त सिस्टर: येतं, पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. आधी मऊ, घोट घोट, उठून बसून. घाई करू देऊ नका.