तीस हजारांत गोल्फच्या लांब पल्ल्याच्या स्टिक: थ्री वुड वगळावा की ड्रायव्हर?

रंकाळा_पहाट

माझ्या गोल्फच्या बॅगेत सहा नंबरपासूनचे आयर्न (मधल्या अंतराच्या काठ्या), दोन वेज (जवळच्या उंच शॉटसाठी) आणि पटर (चेंडू होलमध्ये ढकलायला) आहे. त्याच्या वरचं काहीच नाही. आजवर मामांचा ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायची काठी) मागून खेळत होतो, पण आता मामा स्वतः पुन्हा खेळायला लागलेत. बजेट ३० हजार. त्यात वाढ होणार नाही, जूनमध्ये मुलीची फी आहे.

कोल्हापुरातून पुण्याला महिन्यातून एकदा जाणं होतं. पहाटे चारला निघायचं, सव्वादोनशे किलोमीटर गाडी चालवायची, अठरा होल खेळून रात्री घरी. बाकीचे दिवस गच्चीवर जाळी लावून सराव. एवढा प्रवास करून गेल्यावर प्रत्येक होलला दुसरा शॉट जमिनीवरून सरपटत गेला की फार वाईट वाटतं. म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसता खरेदीचा नाही.

माझं मत असं झालंय: ड्रायव्हर सात-आठ वर्षं जुना, सेकंडहँड. सोबत फाइव्ह वुड, तोही जुना (वुड म्हणजे मोठ्या डोक्याची लांब काठी; नंबर मोठा तशी ती आखूड आणि तिचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, जास्त कललेली). थ्री वुड घ्यायचाच नाही.

गेल्या महिन्यात पुण्यात सिम्युलेटरवर ड्रायव्हरचा वेग मोजला, ताशी ८८ मैल निघाला. मग चटईवरून, टी (चेंडू उंच ठेवायची खुंटी) न लावता, दोन्ही वुड दहा-दहा वेळा मारले. थ्री वुडचा सर्वांत चांगला शॉट १७८ यार्ड हवेतून गेला, पण तसे तीनच होते. फाइव्ह वुड १७२ यार्ड, आणि दहापैकी सात नीट. सहा यार्डांसाठी मी दहा-बारा हजार का घालू?

जुन्या ड्रायव्हरबद्दल भीती घालणाऱ्यांना एवढंच सांगेन की ड्रायव्हरच्या डोक्याच्या आकारमानाला ४६० सीसीची मर्यादा २००४ पासून आहे, आणि चेहऱ्याच्या उसळीवरही नियमाचा लगाम आहे. दरवर्षी दहा यार्ड वाढल्याच्या जाहिराती खऱ्या असत्या तर मामांनी आत्तापर्यंत पंचगंगा ओलांडली असती.

पंधरा_अंश

चाचणी चांगली केलीस, निष्कर्ष चुकला. वगळायचा असेल तर ड्रायव्हर वगळ.

थ्री वुड म्हणजे साधारण १५ अंश लॉफ्ट (चेहऱ्याचा कल) आणि ४३ इंच लांबी. ड्रायव्हर ४५ इंचांच्या पुढे. ते दोन-अडीच इंच हौशी माणसाला फार महाग पडतात, कारण काठी जेवढी लांब तेवढं चेहऱ्याच्या मधोमध लागणं अवघड. शिवाय लॉफ्ट कमी असला की चेंडू बाजूला जास्त वळतो. पुण्याच्या कोर्सवर दोन्हीकडे झाडं आहेत. झाडात गेलेला २१० यार्डांचा ड्राइव्ह काय कामाचा? थ्री वुड टीवर ठेवून मार, १९० जाईल, पण पुढचा शॉट गवतावरून खेळशील. एकाच काठीत टीचं काम आणि पार फाइव्हवरचा (पाच शॉटांत संपवायच्या लांब होलवरचा) दुसरा शॉट, दोन्ही निघतात. उरलेल्या पैशांत कोचकडे सहा-सात तास जा.

स्वीडनचा गोल्फर हेन्रिक स्टेन्सन बघ. वर्षानुवर्षं एकच जुना थ्री वुड टीवरून मारत राहिला आणि २०१६ ला रॉयल ट्रून कोर्सवर ब्रिटनची ओपन स्पर्धा जिंकला, चार फेऱ्यांत २६४ शॉट.

रंकाळा_पहाट

दादा, स्टेन्सनचा वेग आणि माझा वेग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याचा थ्री वुड जमिनीवरून उचलला जातो कारण त्याच्याकडे उचलण्याइतका वेग आहे. पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत) ड्रायव्हरची सरासरी ताशी ११५ मैलांच्या आसपास. ८८ वर १५ अंशांचा चेहरा चेंडूला उंची देत नाही. तो खाली राहतो आणि लवकर पडतो, म्हणूनच माझे थ्री आणि फाइव्ह जवळजवळ सारखेच गेले.

टीवरून मात्र तुमचं म्हणणं थोडं पटतं. पण ड्रायव्हरचं डोकं ४६० सीसी, थ्री वुडचं १७०-१८०. मधोमध नाही लागलं तर मोठं डोकं सांभाळून घेतं, छोटं तेवढं घेत नाही. लांबीत तुम्ही जिंकलात, डोक्यात मी.

शाहूपुरी_पेठ

मी दोघांच्याही विरोधात आहे. सेकंडहँड घेऊच नका.

दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून वापरलेला ड्रायव्हर मागवला. फोटो झकास. शाफ्टवर (काठीच्या दांड्यावर) रेग्युलर, म्हणजे मध्यम लवचीक, लिहिलेलं. मारायला लागलो तर प्रत्येक चेंडू उजवीकडे. तीन महिने मी स्वतःचा स्विंग बदलत बसलो, पाठ दुखेपर्यंत. शेवटी पुण्यात एका जाणकाराने हातात घेऊन सांगितलं की हा शाफ्ट स्टिफपेक्षाही कडक आहे, वर स्टिकर दुसराच चिकटवलाय. पैसे गेले ते गेलेच, पण तीन महिन्यांत लागलेली वाईट सवय अजून सुटत नाही. त्याचा राग आजही आहे.

नवीन पण साधं घ्या. डेकॅथलॉनच्या इनेसिस ब्रँडचं सामान आहे, दुकानात हातात धरता येतं, बिघडलं तर जबाबदार कोण ते माहीत असतं. नावासाठी पैसे मोजू नका आणि अंधारात उडी पण मारू नका. परदेशातून जुनं मागवायचा विचार असेल तर कस्टम आणि कुरिअर धरून हिशोब करा, स्वस्त राहत नाही.

उद्यमनगर_फोरमन

मी गोल्फ खेळत नाही. धाकटा भाऊ खेळतो, त्याच्या काठ्या माझ्याच वाइसवर येतात. पण धातूतलं कळतं, तेवढ्यावर बोलतो.

पेठेतल्या काकांचं दुःख खरं हाय. पण तपासून घेतलं तर जुनी काठी घाबरण्यासारखी न्हाई. आधी ही बनते कशी ते बघा. फेअरवे वुडचं (थ्री, फाइव्ह वगैरे वुडचं) डोकं बहुतेक १७-४ स्टेनलेसचं असतं, सतरा टक्के क्रोमियम, चार टक्के निकेल. आपल्याकडं बीड (ओतीव लोखंड) रेतीत ओततात तसं न्हाई, मेणाचा साचा करून ओततात. त्याच्यावर चेहरा बऱ्याचदा वेगळ्या, जादा ताकदीच्या स्टीलच्या पातळ पत्र्याचा, वेल्ड केलेला. ड्रायव्हरला मात्र टायटॅनियम लागतं, कारण डोकं २०० ग्रॅमच्या आसपास ठेवून ४६० सीसी फुगवायचं असतं. स्टीलची घनता ७.८, टायटॅनियमची साडेचार. स्टीलचं तेवढं मोठं डोकं केलं तर एकतर जड होईल न्हाईतर भिंत इतकी पातळ होईल की फुटेल. फेअरवे वुड छोटा, तिथं स्टील पुरतं. म्हणून फेअरवे वुडात टायटॅनियमसाठी जादा पैसे मोजणं मला तरी पटत न्हाई. तीस हजारवाल्यानं तर अजिबात नको.

आता तपासणी. वुडचा चेहरा सपाट नसतो, त्याला सगळीकडून हलका फुगवटा असतो. स्टीलची पट्टी आडवी ठेवा. पट्टी मधे टेकली पाहिजे आणि दोन्ही कडांना फट दिसली पाहिजे. पट्टी सपाट बसली तर चेहरा आत दबलाय, उचलून ठेवा आणि घरला या. मग चेहरा आणि वरचं टोपण जिथं मिळतं तिथं नखानं चाचपा, भेग तिथनंच सुरू होते. भावाच्या एका ड्रायव्हरला केसासारखी भेग होती, डोळ्याला दिसत नव्हती, नखाला लागली. टायटॅनियमला भेग पडली की आपल्या गल्लीत कुणी जोडून देणार न्हाई, कारण वेल्डिंगला हवा लागू देऊन चालत न्हाई.

टोपणावर पांढरे ओरखडे असतील तर भाव पाडायला उपयोग करा, खेळाला त्यानं काय होत न्हाई. हलवल्यावर आत खडखडलं तर सुटलेला गोंद असतो, तेही चालतं. डोकं धरून शाफ्ट पिळून बघा, जरा जरी फिरला तर जोडाचं इपॉक्सी (गोंद) गेलंय. लांबी टेपनं मोजा. लोक शाफ्ट कापतात आणि सांगत न्हाईत.

आणि खिशात लोहचुंबक ठेवा. टायटॅनियमला चुंबक चिकटत न्हाई. टायटॅनियम म्हणून विकतोय आणि चेहऱ्याला चुंबक चिकटलं तर सरळ हात जोडा. तळाला लावू नका, तिथं स्टीलचं वजन असू शकतं. चिकटलं न्हाई म्हणजे अस्सलच, असंही धरू नका, अॅल्युमिनियमची नक्कल चुंबकाला सापडत न्हाई.

शाहूपुरी_पेठ

फोरमन, हे दोन वर्षांपूर्वी वाचायला मिळालं असतं तर! पण शाफ्टचा कडकपणा पट्टीनं कळत नाही ना. तिथं माझा मुद्दा अजून उभा आहे.

उद्यमनगर_फोरमन

बरोबर. शाफ्ट मारूनच बघायचा. न मारता पैसे द्यायचे न्हाईत, ही माझी अट.

ताराबाई_पार्क

नोकरी लष्करात झाली, त्यामुळे छावण्यांमधल्या कोर्सवर बरीच वर्षं खेळले. आता गुडघ्यामुळे नऊच होल खेळते. तुमच्या सगळ्यांच्या वादात सेव्हन वुड कुणीच काढला नाही याचं आश्चर्य वाटलं.

एप्रिल-मे मध्ये आपल्या भागातली जमीन कशी होते ते आठवा. गवत विरळ, खाली टणक. तिथं थ्री वुडचा रुंद तळ आपटून उसळतो आणि चेंडूच्या पोटात लागतो. पावसाळ्यात उलट, चेंडू पडेल तिथंच रुततो, घरंगळत नाही, म्हणजे हवेत जाईल तेवढंच अंतर. दोन्ही ऋतूंत उंची हवी. सेव्हन वुड साधारण २१ अंश आणि फाइव्हपेक्षा अर्धा-एक इंच आखूड. चेंडू वर जातो आणि ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) थांबतो. माझ्यासारखीच्या वेगाला त्याच्याइतकी विश्वासू स्टिक दुसरी नाही. पुरुष मंडळींना तो म्हाताऱ्यांचा वाटतो. अमेरिकेच्या डस्टिन जॉन्सनने २०२० ची मास्टर्स स्पर्धा जिंकली तेव्हा त्याच्या बॅगेत सेव्हन वुड होता.

हायब्रिडचं (आयर्न आणि वुड यांच्या मधली काठी) विचाराल तर उंच गवतातून तो चांगला निघतो. पण साफ जागेवरून मला वुडच वर घेऊन जातो.

रंकाळा, तुमचा सहा आयर्न किती जातो? १३५ च्या आसपास असेल तर फाइव्ह वुड आणि त्याच्यामध्ये मोठी पोकळी राहील. ती सेव्हनने भरते. आणि ड्रायव्हर घ्यालच तर साडेदहा अंशांच्या खालचा घेऊ नका, १२ मिळाला तर उत्तम. नऊ अंशांचा जुना ड्रायव्हर स्वस्त मिळतो याचं कारण तो कुणालाच मारता येत नाही.

रंकाळा_पहाट

ताई, सहा आयर्न १३५ च जातो. हे माझ्या हिशोबात आलंच नव्हतं. मी वरच्या टोकाचंच बघत बसलो होतो. १७२ आणि १३५ च्या मधे ३७ यार्ड रिकामे आहेत, आणि लांबच्या पार थ्रीला नेमकं तेच अंतर पडतं. मागच्या वेळी असाच एक होल १५५ चा होता, तिथं मी सहा आयर्न जोर लावून मारला आणि चेंडू अर्ध्यात पाण्यात गेला.

म्हणजे आता यादी बदलते. ड्रायव्हर साडेदहा किंवा बाराचा, जुना, फोरमनदादांची पट्टी लावून. फाइव्ह वुड. आणि पैसे पुरले तर सेव्हन.

पंधरा_अंश

ताईंचं सेव्हन वुडचं म्हणणं मान्य. पण मग तुझ्याकडं तीन झाले आणि ३० हजारांत तीन म्हणजे प्रत्येकात तडजोड. माझा हिशोब अजून तोच आहे: थ्री टीसाठी, सेव्हन जमिनीवरून. दोनच. दोन्ही चांगल्या अवस्थेतले, तुझ्या वेगाला जमणाऱ्या शाफ्टचे, आणि वर कोचसाठी पैसे शिल्लक. टीवरून थ्री वुड मारताना उंचीचा प्रश्न येत नाही, कारण चेंडू आधीच वर ठेवलेला असतो. तुझी चाचणी चटईवरची होती. टीवर केलीस का?

रंकाळा_पहाट

नाही केली. हे खरं आहे.

शाहूपुरी_पेठ

आता मलाही रस आला. सेव्हन वुड नवीन घे, मी म्हणतो. दहा वर्षं वापरायची काठी ती. ड्रायव्हर जुना चालेल, फोरमननं पास केला तर.

पंधरा_अंश

रविवारी मी पुण्याला चाललोय, गाडीत एक जागा आहे. माझा थ्री वुड रेग्युलर शाफ्टचा आहे, तुला देतो. मामांचा ड्रायव्हर एक दिवसासाठी मागून आण. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) टीवरून दोन्ही वीस-वीस चेंडू, आणि मोजायचं लांबी नाही, फेअरवेइतक्या (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताइतक्या) पट्ट्यात किती राहिले ते.

रंकाळा_पहाट

येतो. पण जमिनीवरून पण दहा मारणार, तुमच्यासमोर.

उद्यमनगर_फोरमन

मामांच्या ड्रायव्हरला पण जाता जाता पट्टी लावून बघा. किती वर्षांचा हाय तो?

रंकाळा_पहाट

२००९ चा. आत्ता लावून बघितली. मधे टेकली, कडांना फट आहे.